प्लेन स्केल : नकाशाच्या तळाशी असलेल्या पट्टीची पार्श्वभूमी

पॉलिटेक्निकला किंवा आयटीआयच्या ड्राफ्ट्समन ट्रेडला गेलेल्या प्रत्येकाने स्केलची शीट काढलेली असते. आर.एफ. (चित्रातले माप आणि खरे माप यांचे गुणोत्तर) काढायचा, पट्टीची लांबी काढायची, रेषा ओढायची, भाग पाडायचे, शून्य घालायचे, खाली आर.एफ. लिहायचा. धुळे-जळगावकडची मुले ही शीट एका बैठकीत उरकतात, कारण तिचे मार्क हमखास मिळतात. पण कॅडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या ड्रॉइंगमध्ये, रेषा खऱ्या मापानेच काढतात, मग ही पट्टी हाताने कशाला बनवायची, हा प्रश्न वर्गात उठतोच. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पट्टीच्या इतिहासात आहे, आणि खानदेशात तर ते जुन्या गाव नकाशांच्या तळाशीच सापडते.

मोजपट्टी आणि स्केल यांतला फरक आधी स्पष्ट केलेला बरा. मोजपट्टी वस्तू मोजते, तर स्केल वस्तूचे चित्र मोजते. चित्रातल्या बोटभर रेषेला जमिनीवरचे शंभर मीटर म्हणायचे, तर दोन्हींमधले गुणोत्तर कुठेतरी नोंदवायला हवे. ही गरज फार जुनी आहे. दक्षिण इराकमधल्या तेल्लो येथे लगाशचा राजा गुदेआ याचे इ.स.पू. २१०० च्या आसपासचे दगडी पुतळे सापडले. त्यांपैकी एक पुतळा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात राजा बसलेला आहे, मांडीवर पाटी, पाटीवर भिंतींचा आराखडा, शेजारी लेखणी आणि खुणा कोरलेली पट्टी. या पट्टीतले मोजकेच भाग पुढे आणखी बारीक विभागले आहेत, बाकीचे मोकळे सोडले आहेत. आजच्या प्लेन स्केलमध्येही, म्हणजे शीटवरच्या त्या साध्या पट्टीतही, बारीक भाग एकाच घरात पाडतात. आपल्याकडे लोथलला हस्तिदंती पट्टीचा तुकडा मिळाला, त्यावरच्या खुणांमध्ये जेमतेम १.७ मिलिमीटरचे अंतर आहे. मात्र तिच्याबरोबर आराखडा सापडलेला नाही, त्यामुळे ती मोजपट्टीच म्हणायची.

स्केलमागचे गणित त्रैराशिकाचे आहे, आणि त्रैराशिकाचा विषय निघाला की खानदेशी माणसाला पाटणदेवी आठवलीच पाहिजे. चाळीसगावजवळच्या या पाटण्यात डॉ. भाऊ दाजी लाड यांना एक शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी इथे मठ स्थापला, अशी त्यात नोंद आहे, काळ १२०७. ज्या ग्रंथांसाठी हा मठ होता त्यांपैकी ‘लीलावती’ (११५०) सुरुवातीलाच मापांचे कोष्टक देते : आठ यवांचे एक अंगुळ, चोवीस अंगुळांचा एक हात, चार हातांचा दंड, दोन हजार दंडांचा एक क्रोश. नंतर त्रैराशिक येते. एका मापाला इतके, तर दुसऱ्या मापाला किती? आर.एफ. आणि स्केलची लांबी काढताना विद्यार्थी हेच करतो, फक्त त्याला तसे कुणी सांगितलेले नसते.

जमिनीवरची मापे मात्र ग्रंथातल्यासारखी शिस्तीत कधीच राहिली नाहीत. १६०१ मध्ये असीरगड पडला आणि खानदेश मोगलांकडे गेला. मोगलांची मोजणीची दोरी ओली झाली की आखडायची आणि सुकली की लांबायची. म्हणून अकबराच्या काळात दोरीच्या जागी लोखंडी कड्यांनी जोडलेले बांबूचे तुकडे आले, असे ‘ऐन-इ-अकबरी’त नमूद आहे. मराठी मुलखात काठी चालली : पाच हात पाच मुठींची एक काठी, वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा. पण हात कुणाचा आणि मूठ कुणाची? मोजायचे साधनच बदलते असेल तर त्यावरून झालेली नोंद किती काळ खरी राहणार, ही अडचण तेव्हापासूनची आहे. पुढे कागदाबाबतही तीच आली.

युरोपातल्या नाविकांना कागदाची अडचण आधी कळली असावी. तेराव्या शतकाच्या अखेरचा ‘कार्ता पिसाना’ हा भूमध्य समुद्राचा नकाशा चामड्यावर काढला आहे. त्यावर वर्तुळात बसवलेल्या दोन मापपट्ट्या आहेत, एक आडवी आणि एक उभी. चामडे दोन्ही दिशांना सारखे आकसत नाही, हे ध्यानात घेता दोन पट्ट्यांची सोय मला मोठी शहाणपणाची वाटते. नुसता आकडा लिहून ठेवला तर चामडे आकसले तरी आकडा तसाच राहतो आणि खोटा ठरतो. पट्टी चामड्याबरोबर आकसते, म्हणून ती खरी राहते. प्लेन स्केलच्या इतिहासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच, आणि आपल्या शीटवर नेमकी तीच शिकवायची राहून जाते.

आर.एफ. म्हणजे संख्याप्रमाण. १:५०,००० असे एककाशिवाय लिहिलेले गुणोत्तर आज सरसकट दिसते, पण ही पद्धत रुळली ती मेट्रिक मापांबरोबर. त्याआधीचे गोल नसलेले आकडे पाहिले की त्यांच्या पोटात जुनी एकके सापडतात. फ्रान्सचा अठराव्या शतकातला कॅसिनी घराण्याचा नकाशा १:८६,४०० चा आहे. हा आकडा का? त्वाझ आणि लिन्य ही लांबीची जुनी फ्रेंच एकके. एका त्वाझचे ८६४ लिन्य होतात, आणि नकाशात १०० त्वाझला एक लिन्य घेतला होता. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटवरचा ६३,३६० म्हणजे एका मैलातले इंच. आता खानदेशाच्या वाट्याला आलेला आकडा पाहू.

१८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारकडे गेला. कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला नव्या पेठेची आखणी केली ती त्यानंतर. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास पुण्याकडे इंदापुरात सुरू केलेली जमीन मोजणी १८५० नंतर इकडे आली. मोजणी झाली की सारा वाढणार, या भीतीने १८५२ साली सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांतले शेतकरी तिच्याविरुद्ध उभे राहिले. साखळी घेऊन वावरात शिरलेला माणूस म्हणजे सरकारचा हात, असे लोकांना वाटले. ती भीती अनाठायी नव्हती, पण मोजणी थांबली नाही.

या मोजणीची साखळी ३३ फुटांची होती, आणि तिचे १६ आणे पाडलेले. इंग्लंडात एडमंड गुंटरने १६२० मध्ये ६६ फुटांची, शंभर कड्यांची साखळी रूढ केली होती. आपली साखळी बरोबर तिच्या निम्मी. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. वावराची वाटणी करताना आजही तोंडात गुंठाच येतो, त्यामागे ही साखळी आहे. मोजणीदार शंकू (काटकोन साधायचे साधन) आणि साखळी घेऊन सर्व्हे नंबराचा पाया आणि लंब मोजत आणि टिपण बांधत. टिपण स्केलवर नसते. ते हाताने काढलेले चित्र असते आणि त्यावर साखळी-आण्यांत मापे लिहिलेली असतात. गाव नकाशा मात्र स्केलवर काढलेला असतो.

समजा, नकाशाला एक इंचाला वीस साखळ्या हे प्रमाण आहे. वीस साखळ्या म्हणजे ६६० फूट, म्हणजे ७,९२० इंच. आर.एफ. झाला १:७९२०. आकडा गोल नाही, पण आता तो इंचाचा राहिलेला नाही आणि फुटाचाही नाही. त्याच नकाशावर मीटर वाचता येतील, हवे तर हातसुद्धा. जुन्या कागदावर नव्या एककाची पट्टी बनवता येते ती याच कारणाने.

तर ७९२० च्या नकाशासाठी मीटरची पट्टी बनवून पाहू. जास्तीत जास्त १२०० मीटर वाचायचे आहेत. १२०० मीटर म्हणजे १,२०,००० सेंटिमीटर. भागिले ७९२० केले की १५.१५ सेंटिमीटर येतात. तेवढी रेषा ओढा. तिचे बारा समान भाग हवेत, म्हणजे प्रत्येकी १.२६ सेंटिमीटरचे. हे पट्टीने खुणा करून कधीच नीट पडत नाहीत. प्रत्येक खुणेत केसभर चूक झाली तरी बाराव्या खुणेपर्यंत ती नजरेत भरते. म्हणून रेषेच्या डाव्या टोकातून एक तिरपी रेषा काढायची, तिच्यावर डिव्हायडरने कोणत्याही सोयीच्या अंतराची बारा पावले टाकायची, बारावा बिंदू पट्टीच्या उजव्या टोकाला जोडायचा आणि सेट स्क्वेअर सरकवत त्या जोडरेषेला बाकीच्या बिंदूंतून समांतर रेषा काढत जायच्या. समांतर रेषा दोन्ही रेषांना सारख्याच प्रमाणात छेदतात. दहावीच्या भूमितीतले प्रमाणाचे मूलभूत प्रमेय इथे हातात येते, आणि युक्लिडच्या सहाव्या पुस्तकात रेषा विभागण्याची रीत त्यावरच उभी आहे.

शून्य पट्टीच्या टोकाला लिहायचे नाही. ते पहिल्या घरानंतर लिहायचे. उजवीकडे १००, २०० असे ११०० पर्यंत आणि डावीकडच्या पहिल्या घरात दहा-दहा मीटरचे दहा भाग. मुलांना हे उलटे वाटते, पण डिव्हायडर हातात घेतला की कारण कळते. नकाशावरच्या बांधाच्या दोन टोकांवर डिव्हायडर उघडायचा, तो तसाच उचलून एक टोक ७०० वर ठेवायचे. दुसरे टोक शून्याच्या डावीकडे चौथ्या खुणेवर पडले तर बांध ७४० मीटर. बेरीज नाही, गुणाकार नाही. शून्य टोकाला असते तर दर शंभर मीटरमध्ये बारीक खुणा पाडाव्या लागल्या असत्या. दहापेक्षा बारीक वाचायचे असेल तर कर्णरेषांची डायगोनल स्केल किंवा व्हर्निअर लागते. व्हर्निअर १६३१ चे, कर्णरेषांची युक्ती त्याहूनही जुनी. पण तो स्वतंत्र विषय आहे.

बांधकामाच्या ड्रॉइंगमध्ये याच पट्टीने फूट-इंचांचे राज्य चालवले. १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झालेले तरुण विश्वेश्वरय्या खानदेशात होते. पांझरेवर नळाचा सायफन टाकण्याचे त्यांचे काम इथलेच. त्या काळच्या ड्रॉइंगवर पाव इंचाला एक फूट म्हणजे १:४८, अष्टमांश इंचाला एक फूट म्हणजे १:९६ अशी प्रमाणे सर्रास असत, आणि पहिल्या घरात दहाऐवजी इंचांचे बारा भाग पाडावे लागत.

१९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापे आली. आयएस १४९१ या मानकाने एम-वन ते एम-एट अशा तयार पट्ट्यांचा संच ठरवून दिला, १:१ पासून १:२००० पर्यंत. टोपोशीट १:५०,००० ची झाली, सातबाऱ्यावर हेक्टर-आर आले. तयार पट्टी दप्तरात आल्यावर हाताने पट्टी बनवायचे कारण संपले, असे सगळ्यांनी धरून चालले आणि शीट परीक्षेपुरती उरली. माझ्या मते चूक इथे झाली. एम-फोरची पट्टी १:५० आणि १:१०० वाचते. १:७९२० वाचणारी पट्टी कुठल्याच दुकानात मिळत नाही. खानदेशातल्या बांधांची भांडणे मात्र अजून साखळीच्याच काळातल्या कागदांवर चालतात.

शिवाय आता कागद आकसतो त्याहून झपाट्याने त्याचे माप बदलते. नकाशाचा मोबाइलवर फोटो निघतो, पीडीएफ होते, झेरॉक्सवाला तो ए-फोरवर ‘बसवून’ देतो. तळाशी ‘एक इंचास वीस साखळ्या’ तसेच छापलेले राहते. छपाई ९४ टक्क्यांवर आली असेल आणि छापलेल्या प्रमाणावर विसंबून क्षेत्र काढले, तर चूक सहा टक्क्यांची राहत नाही. क्षेत्रात ती वर्गाने धरते : ०.९४ चा वर्ग ०.८८. चाळीस गुंठ्यांचे वावर कागदावर पस्तीस गुंठे भरते, आणि मग भाऊबंदकीला एवढे निमित्त पुरते.

अशा प्रतीवर आधी तळाची पट्टी मोजावी. मुळात १०० साखळ्यांची पट्टी पाच इंचांची, म्हणजे १२७ मिलिमीटरची. हातातल्या प्रतीवर ती १०५ भरली, तर १०० साखळ्या म्हणजे १००५.८४ मीटर भागिले ०.१०५ मीटर, त्या प्रतीचा खरा आर.एफ. सुमारे १:९५७९. त्यावर १२०० मीटरची पट्टी १२५.३ मिलिमीटरची येते. ती वर सांगितल्याप्रमाणे जाड कागदावर काढून कापून घ्यावी. पट्टी आडवीच छापलेली असते, म्हणून उभ्या दिशेचा ताळा वेगळा पाहावा : टिपणावर ज्याचे माप लिहिले आहे असा एखादा उभा बांध निवडावा, साखळीला ३३ फूट आणि आण्याला त्याचा सोळावा हिस्सा धरून त्याचे मीटर करावेत आणि नव्या पट्टीने तोच बांध नकाशावर वाचावा. दोन्ही जुळले तर प्रत दोन्ही दिशांना सारखी लहान झालेली आहे. न जुळल्यास उभ्यासाठी दुसरी पट्टी करावी. या कागदावरून हद्द कायम होत नाही, त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीच लागते. पण तिथे अर्ज आणि फी भरण्याआधी फरक खरोखर बांधाचा आहे की झेरॉक्सचा, एवढे मात्र घरच्या टेबलावर कळते.