पाचिंको

पाचिंको म्हणजे जपानमधला उभ्या मशीनवर, स्टीलच्या छोट्या गोळ्यांनी खेळायचा खेळ. बघायला आर्केड गेम, करायला जुगार, पण कागदोपत्री जुगार नाही. आपल्याकडे पोरं खिळे ठोकलेल्या बॅगाटेलच्या बोर्डावर गोळ्या मारायची तोच बोर्ड काचेमागे उभा केलाय असं समजा, आणि नातंही खरंच आहे, १९२० च्या दशकात जपानी मुलांमध्ये चालणारा कोरिंथियन बॅगाटेल हाच याचा पूर्वज मानतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हा प्रकार बंद पडला, मग युद्धानंतर नागोया शहरातून जो परत आला तो मोठ्या माणसांचाच झाला. तिथल्या मासामुरा ताकेइची यांनी खिळ्यांची मांडणी बदलून गोळीचा प्रवास लांबवला आणि खरी गंमत तिथूनच सुरू झाली.

गोळी ११ मिलीमीटरची. उजव्या हाताला गोल हँडल, ते किती फिरवलं त्यावर गोळी किती जोरात उडणार ते ठरतं, मिनिटाला शंभरपर्यंत गोळ्या सुटतात आणि पितळी खिळ्यांवर आपटत खाली येतात, बहुतेक वाया जातात. मधल्या खालच्या भोकात, ज्याला खेळणारे बेंबी म्हणतात, एखादी पडली की स्क्रीनवर तीन आकडे फिरायला लागतात, तिन्ही जुळले की जॅकपॉट. दोन जुळले की मशीन जे काही नाटक सुरू करतं, लाइट, आरडाओरडा, ॲनिमेचे (जपानी कार्टूनचे) अख्खे सीन, की बघणाऱ्याला वाटावं आता तिसरा आलाच! गंमत अशी की निकाल गोळी भोकात पडली त्याच क्षणी आतल्या चिपने लावलेला असतो, पुढचा सगळा नुसता तमाशा. मोठ्या मशीनवर जॅकपॉटची शक्यता साधारण ३१९ मध्ये १. पण 'थोडक्यात हुकलं' हे जे वाटतं ना, त्याच्यावरच माणूस तासन् तास बसून राहतो. ही आकडे फिरवायची लाट आणली १९८० मध्ये सांक्यो कंपनीच्या 'फीव्हर' मशीनने.

आता पैशाचं. जपानी कायद्यात जुगाराला बंदी, म्हणून जिथे ही मशीन लावलेली असतात त्या हॉलमध्ये रोख मिळत नाही. जिंकलेल्या गोळ्या काउंटरवर दिल्या की साबण, चॉकलेट घ्या, नाहीतर प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला सोन्याचा बारीक तुकडा घ्या. तो घेऊन जवळच्याच एका छोट्या खिडकीवर जायचं, तिथे रोख मिळतात, मग तोच तुकडा होलसेलवाल्यामार्फत परत हॉलमध्ये येतो. तीन दुकानं कागदोपत्री वेगळी, हे सगळ्यांना माहीत आहे, पोलिसांनाही. इतका शिस्तीत चाललेला डोळेझाकपणा दुसरीकडे क्वचितच सापडेल.

या धंद्यात जपानमधल्या कोरियन समाजाचा वाटा मोठा आहे, कारण युद्धानंतर नोकऱ्यांचे दरवाजे त्यांना बंद होते आणि प्रतिष्ठित लोक ज्याला नाक मुरडत तो धंदा मोकळा होता. मारुहान ही मोठी साखळी उभी करणारे हान चांग-वू मूळचे कोरियातलेच.

ओढ नक्की कशाची? पैसा आहेच, पण शेजारी माणूस असूनही कुणाशी बोलावं लागत नाही, आवाज एवढा की डोक्यात दुसरा विचारच येत नाही, ऑफिसातून सुटलेल्याला आणि रिटायर झालेल्याला दोघांनाही हेच हवं असतं. व्यसनाची बाजूही तितकीच खरी, उन्हाळ्यात पार्किंगमधल्या गाडीत मूल ठेवून खेळायला गेल्याने मुलांचे जीव गेलेत, म्हणून हॉलवाले पार्किंगमध्ये गस्त घालतात. १९९० च्या दशकात देशभर १८ हजारांच्या आसपास हॉल होते, आता ७ हजारांच्या खाली आलेत. तरुण पोरं मोबाइलवर गेली, २०२० पासून हॉलमध्ये बसल्याजागी सिगारेटही ओढता येत नाही आणि नव्या 'स्मार्ट' मशीनमध्ये गोळ्या आतल्या आतच फिरतात, हाताला लागत नाहीत, त्यामुळे जिंकलेल्या गोळ्यांचे ट्रे खुर्चीमागे रचून मिरवायची सोयही गेली.