पट्टा काढू नका: हाताच्या गेमबद्दल घरच्यांसाठी

पॅरॅलिसिसनंतर हाताचा व्यायाम व्हावा म्हणून आम्ही सेन्सरवर चालणाऱ्या गेमचं किट भाड्याने देतो, ते घरी नेलेल्यांचे फोन बहुतेक एकाच गोष्टीसाठी येतात, "स्कोअर रोज वाढतोय पण बाबांचा हात चहाच्या कपापर्यंत काही जात नाही, सेन्सर बिघडलाय का?" जाऊन बघतो तर सेन्सर ठणठणीत, आणि छातीचा पट्टा खिडकीच्या गजाला लटकवलेला.

का काढला विचारलं की म्हणतात, बांधून ठेवल्यासारखं वाटतं हो, बघवत नाही. कळतं आम्हाला. पण तो पट्टा पाठ खुर्चीला टेकलेली राहावी म्हणून आहे. स्क्रीनवरचं फळ पकडायचं तर खांदा पुढे यायला हवा आणि कोपर सरळ व्हायला हवं, पॅरॅलिसिसनंतर नेमकं तेच जड जातं, मग शरीर पळवाट काढतं, माणूस कंबरेतून अख्खा पुढे झुकतो, खांदा कानाकडे उचलला जातो आणि फळ मिळतं. गेमला तळहात कुठे पोचला तेवढंच दिसतं, तो पॉइंट देऊन टाकतो. मेंदू जे परत परत कराल तेच शिकतो, म्हणजे महिनाभर प्रॅक्टिस झाली ती झुकायची, आणि ती सवय मोडायला सगळं पहिल्यापासून करावं लागतं, त्यात पेशंटचा वेळ जातो तो सगळ्यात महागाचा.

पट्टा लावला की स्कोअर पडणारच. ४० चे १२ झाले तरी ते १२ हाताने मिळवलेत. लेव्हल आम्ही मुद्दाम खालची ठेवतो, नातवंडांनी ती वाढवू नये प्लीज. पट्ट्याखाली चार बोटं सहज गेली पाहिजेत, आणि बकल चांगल्या हाताच्या बाजूला ठेवा म्हणजे त्यांचं त्यांना सोडता येईल, एवढं केलं तरी बांधल्याची भावना बरीच कमी होते. टोचत असेल तर सांगा, सुती कापडाचा पट्टा बदलून देतो, पैसे नाही घेत. खांदा दुखला की गेम थांबवा, आणि दुखरा हात धरून ओढून फळापर्यंत कधीच नेऊ नका.

"मग फिजिओ बंद करू का?" नको. कॉक्रन ही वैद्यकीय अभ्यास गोळा करून तपासणारी संस्था, तिच्या २०१७ च्या आढाव्यात ७२ अभ्यास आणि २४७० पेशंट होते, त्यात नेहमीच्या थेरपीऐवजी गेम दिला तेव्हा हाताला जास्त फायदा दिसला नाही, थेरपीच्या जोडीला जादा वेळ म्हणून दिला तेव्हा फरक दिसला. म्हणून तर आम्ही तुमच्या फिजिओशी बोलूनच किट देतो, थोडा उशीर होतो त्याने, पण ती अट सोडणार नाही. पहिल्या आठवड्यातल्या दोन व्हिजिट भाड्यातच धरलेल्या आहेत, त्या टाळू नका.

आणि सेन्सरची शंका आली तर फोनच्या आधी खेळतानाचा एक मिनिटाचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर टाका, बाजूने काढलेला, समोरून पाठ सुटलेली कळत नाही.