बेगल आणि क्रीम चीज : कॅलरी आणि पोषण

बेगल म्हणजे मैद्याचा, मधे भोक असलेला, आधी पाण्यात उकळून मग भट्टीत भाजलेला गोल पाव. तो आडवा कापून मधे क्रीम चीज फासायचं, हा अमेरिकेतला नेहमीचा नाश्ता. साधारण १०५ ग्रामचं एक बेगल आणि त्यावर दोन मोठे चमचे, म्हणजे ३० ग्रामच्या आसपास क्रीम चीज घेतलं तर सगळं मिळून ३८० कॅलरीच्या जवळपास जातं. त्यातल्या २७५ एकट्या बेगलच्या आणि उरलेल्या शंभरेक चीजच्या. (इथं कॅलरी म्हणजे किलोकॅलरी, पाकिटावर पण तेच छापलेलं असतं.)

आता हे आपल्या खेड्यात कोण खातं असं वाटेल, पण पोलीस भरतीची तयारी करणारे पोट्टे सकाळी रोडवर धावून आले की मोबाईलच्या ॲपात कॅलरी भरतात, आणि त्या यादीत बेगलचे दहा प्रकार निघतात अन् ज्वारीची भाकर शोधत बसावं लागते. म्हणून ही नोंद.

बेगल मूळचं पोलंडमधल्या ज्यू लोकांचं. क्राकूव्ह शहरातल्या ज्यू समाजाच्या १६१० सालच्या नियमांत त्याचा उल्लेख सापडतो. तिथून स्थलांतर करणाऱ्यांसोबत ते न्यूयॉर्कला गेलं आणि तिथं त्याला क्रीम चीजची जोडी मिळाली. क्रीम चीजचा फिलाडेल्फिया हा ब्रँड १८८० चा, नाव त्या शहराचं पण माल बनायचा न्यूयॉर्क राज्यात.

उकळून मग भाजायची पद्धत ऐकून नवल वाटायचं कारण नाही, बुलडाणा-अकोल्याकडे वरण-बट्टी खाणाऱ्याला ती पटकन समजते. बट्टीचे गोळे आधी उकडतात, मग कापून तुपात नाहीतर तेलात तळतात. बेगलचं पीठ मात्र यीस्टनं फुगवलेलं असतं, ते उकळत्या पाण्यात टाकलं की वरचा स्टार्च लगेच शिजून कडक साल धरतो आणि मग भट्टीत पाव फारसा फुगू शकत नाही. म्हणून बेगल घट्ट, चिवट आणि वजनदार. खरी मेख इथंच आहे. मधे भोक आहे म्हणून छोटं वाटतं, पण हातात घेतलं की जड लागतं, कारण एका बेगलमधे अंदाजे ७० ग्राम मैदा दाबून बसलेला असतो. शिवाय त्याचा साईज वाढत गेला. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेनंच दाखवून दिलंय की आधी ३ इंचाचं बेगल १४० कॅलरीचं असायचं आणि वीस वर्षांनी ६ इंचाचं, ३५० कॅलरीचं झालं. तेव्हा नुसतं "एक बेगल" लिहून काही कळत नाही बाप्पा, ग्राम लिहा.

पोषणाचं पाहिलं तर १०५ ग्रामच्या बेगलमधे कार्बोहायड्रेट ५५ ग्रामच्या आसपास, प्रोटीन ११, फॅट जेमतेम दीड-दोन ग्राम आणि फायबर दोनेक ग्राम. प्रोटीनचा आकडा बरा दिसतो पण गव्हाच्या प्रोटीनमधे लायसिन (प्रोटीनचा एक गरजेचा घटक) कमी पडतं, ते डाळीत भरपूर असतं. बट्टीसोबत तुरीचं वरण असतं म्हणून तिथं ती कमी भरून निघते. क्रीम चीजनं ती भरत नाही, कारण ३० ग्राममधे प्रोटीन दोन ग्रामच. मैद्यामुळे रक्तातली साखर पण लवकर चढते, शुगर असलेल्यानं अर्ध्यावर थांबलेलं बरं.

क्रीम चीज हे दूध आणि साय विरजून केलेलं ताजं, मऊ चीज. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे त्यात दुधाचं फॅट किमान ३३ टक्के लागतं आणि पाणी ५५ टक्क्यांच्या वर चालत नाही. १०० ग्रामला ३५० कॅलरी, म्हणजे लोण्याच्या साधारण निम्म्या. ३० ग्राममधे फॅट १० ग्राम, त्यातलं सहाएक ग्राम सॅच्युरेटेड. चीज आहे म्हणजे कॅल्शियम असेलच, हा समज इथं चुकतो, ते फारच थोडं असतं, त्यापेक्षा कपभर दूध पिलेलं केव्हाही चांगलं. आणि दुकानातला माणूस काही चमच्यानं मोजून लावत नाही, सुरीनं थापतो. ६० ग्राम लागलं की तेच बेगल ४८५ वर जातं. मीठ वेगळंच, दोन्ही मिळून सोडियम ५५० मिलीग्रामच्या जवळ, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २००० च्या आत राहा म्हणते.

आपल्या भाकरीशी ताडून पाहायचं तर १०० ग्राम ज्वारीच्या पिठाच्या मोठ्या भाकरीत ३३४ कॅलरी, १० ग्राम प्रोटीन आणि १० ग्राम फायबर. कॅलरीत लय फरक नाही, फरक फायबरमधे आहे, पाचपट. सोबत झुणका घेतला तर बेसनाचं प्रोटीन मिळतं, पण त्यात तेल किती ओतलं हे भाकरीच्या हिशोबात कोणी धरत नाही, तिथं आपण पण त्या सुरीवाल्यासारखेच.

३८० कॅलरी जास्त की कमी हे खाणारा काय काम करतो त्यावर आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत बैठं काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला २११० आणि जड काम करणाऱ्याला ३४७० कॅलरी धरल्या आहेत. उन्हात डवरणी करणाऱ्याला एक बेगल कुठं गेलं ते कळणार नाही, दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्याचा मात्र त्यात जवळपास पाचवा हिस्सा संपतो.

टोस्ट केल्यानं कॅलरी कमी होत नाहीत, फक्त पाणी उडतं. आतला गर काढून टाकला तर होतात, कारण तेवढा मैदाच पोटात जात नाही. तालुक्याच्या गावात क्रीम चीज सहसा मिळत नाही, तिथं दही फडक्यात टांगून चक्का करायचा, मीठ टाकायचं, वाटल्यास थोडा बारीक चिरलेला सांभार, म्हणजे कोथिंबीर. आंबटपणा जवळचाच येतो आणि फॅट बरंच कमी राहतं, फक्त म्हशीच्या सायीसकट दुधाचं दही असलं तर तेवढं धरून चाला.