मुलीचं पहिलं एअर पिस्तूल : दुकानात येण्याआधी एवढं वाचा

पॅरिसला २०२४ मध्ये मनू भाकरने दोन ब्राँझ पदकं घेतली, तेव्हापासून आमच्याकडे येणारा दर दुसरा फोन असा सुरू होतो : "मुलीसाठी एखादं हलकं पिस्तूल सांगा हो." हलकं, लहान आणि शक्यतो 'लेडीज'. तेच उत्तर देऊन घसा बसला, म्हणून हे पत्रक छापलं.

'लेडीज' पिस्तूल नावाचा प्रकार नाही. दहा मीटर एअर पिस्तुलाचे नियम सगळ्यांना सारखेच : ४.५ मिलिमीटरचा छर्रा, वजन १५०० ग्रॅमच्या आत, ट्रिगर ओढायला किमान ५०० ग्रॅमचा जोर लागायला हवा आणि पिस्तूल एकाच हातात. पूर्वी स्पर्धेत महिलांना ४० शॉट असत, २०१८ पासून त्यांनाही ६०. कंपनी कोणतीही असो, स्टायर घ्या, मोरिनी घ्या, पार्डिनी घ्या, स्पर्धेचं पिस्तूल किलोच्या आसपासच भरतं. मुलगी अगदीच लहान चणीची असेल तर आखूड नळीचं मॉडेल दाखवतो. बाकी वजन सरावाने पेलतं.

सरावाने न सुटणारी गोष्ट एकच, ती म्हणजे ग्रिप, पिस्तुलाची लाकडी मूठ. नेमकी तिथेच आईवडील चुकतात. शाळेचा युनिफॉर्म वाढत्या अंगाचा घ्यायची आपल्याला सवय. तसंच इथेही होतं. हात स्मॉलचा, ग्रिप मीडियम, "दोन वर्षांत बसेल."

गेल्या उन्हाळ्यात तेरा वर्षांची एक मुलगी वडिलांबरोबर आली. पिस्तूल दुसरीकडून घेतलेलं, उत्तम कंपनीचं. तक्रार अशी की सहा महिने शॉट डावीकडेच जातात. मी तिला म्हटलं, डोळे मिट, पिस्तूल उचल, आता उघड. नळीच्या टोकावरची नेम धरायची साइट मागच्या खाचेत नव्हतीच. मनगट वळवून तिने ती आणली. अंगठ्याच्या बेचक्यात आणि लाकडात माझी पेन्सिल आरामात गेली. बोटाचं फक्त टोक ट्रिगरला पोचत होतं, त्यामुळे तो सरळ मागे येण्याऐवजी डावीकडे ढकलला जात होता. स्मॉल ग्रिप लावली, साइट जागेवर आली. मनगट वळवायची सवय मात्र अजून पूर्ण गेलेली नाही. निघताना वडिलांनी विचारलं, "मग ही जुनी पुढच्या वर्षी बसेल ना?" बसेल. तेव्हा लावू. लोखंड तेच राहतं, लाकूड बदलता येतं.

घरी माप घ्यायचं असेल तर कोऱ्या कागदावर हात ठेवून पेन्सिल फिरवा, बोटं किंचित फाकवून. बेचक्यापासून तर्जनीच्या पहिल्या पेराच्या मध्यापर्यंतचं अंतर महत्त्वाचं, कारण ट्रिगर त्या पेराच्या मध्यावर यायला हवा. हाताचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवू नका; त्यावरून माप कळत नाही. आणि मुलगी डावखुरी असेल तर ते आधी सांगा. हे पैसे दिल्यानंतर सांगणारेही भेटले आहेत.

कृपया घरी कानस चालवू नका. घासलेलं लाकूड परत येत नाही, आणि घासलेली ग्रिप आम्हीही परत घेत नाही. एम-सील थापून भर घालणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की ग्रिपचा कोणताही भाग मनगटाला वेढता कामा नये आणि हाताखालची फळी वर वळलेली चालत नाही. स्पर्धेच्या सकाळी तपासणीत पिस्तूल अडलं तर तिथे दुरुस्तीला वेळ नसतो. माप आम्ही फुकट घेतो, घासकामाचे पैसे घेतो. काहींना हे खटकतं. पण एकेका ग्रिपला दोन-तीन बैठका लागतात : थोडं घासायचं, आठवडाभर सराव, पुन्हा थोडं. म्हणूनच पहिलं पिस्तूल आम्ही कुरिअरने पाठवत नाही. ऑनलाइन चार पैसे स्वस्त मिळेल, नाकारत नाही.

जुनं पिस्तूल घ्यायला हरकत नाही. आमच्याकडेही अधूनमधून असतं. मात्र हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचा. त्यात २०० बारचा दाब असतो आणि त्याचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं. मुदत संपलेला सिलिंडर आम्ही भरून देत नाही, ओळखीच्यांनाही नाही.

४.५ मिलिमीटरच्या आणि छर्र्याची ऊर्जा २० ज्यूलच्या आत असलेल्या एअर पिस्तुलाला शस्त्रपरवाना लागत नाही. आम्हाला पालकांचं ओळखपत्र मात्र लागतं. परवाना नसला तरी ते खेळणं नव्हे : घरी कुलपात, आणि छर्रे शिशाचे असल्याने सरावानंतर हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात नाही.

येताना मुलीला आणा. पिस्तूल तिला सरप्राइज म्हणून द्यायचं असलं तरी. शनिवारी गर्दी असते, मधल्या वारी दुपारी चारनंतर या. आणि तिची नखं कापून आणा, माप चुकतं.