ढगळ कातडीचा बेडूक

टिटिकाका सरोवरातला बेडूक पहिल्यांदा पाहिला की वाटतं, याने दोन मापं मोठी कातडी अंगावर चढवली आहे. कुशीला घड्या, मांड्यांवर घड्या, मानेखालीही घड्या. पण हाच ढगळपणा त्याला जगवतो.

पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवरचं हे सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० मीटर उंचीवर आहे. तिथल्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांशापेक्षाही कमी. दाब घटला की पाण्यात विरघळणारा ऑक्सिजनही त्याच हिशेबाने घटतो. हा बेडूक जवळजवळ सारं आयुष्य पाण्याखालीच काढतो आणि त्याची फुप्फुसं अगदीच लहान असतात. त्यामुळे श्वासाची भिस्त कातडीवर. घड्यांमुळे तिचं क्षेत्रफळ वाढतं आणि आत केशवाहिन्यांचं दाट जाळं असतं.

ऑक्सिजन फारच कमी पडला, तर हा बेडूक तळाशी पाय पसरून चक्क जोर काढतो! अंग वर, अंग खाली. कातडीला चिकटून राहिलेल्या पाण्यातला ऑक्सिजन संपलेला असतो. या हालचालीने घड्या हलतात, शिळं पाणी सरतं आणि ताजं पाणी येतं. किती साधा आणि अचूक उपाय!

त्याच्या रक्तातही वेगळेपण आहे. उभयचरांच्या तांबड्या पेशी आपल्यापेक्षा बऱ्याच मोठ्या असतात. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या बेडकाच्या पेशी मात्र उभयचरांच्या मानाने फार लहान आणि संख्येने भरपूर आढळल्या. त्याचं हिमोग्लोबिन ऑक्सिजन घट्ट धरतं. विरळ ऑक्सिजन पकडायला हे उत्तम, पण घट्ट धरलेला ऑक्सिजन स्नायूंना सोडणं तितकंच अवघड. या बेडकाचं भागतं, कारण त्याची गरजच फार थोडी.

इथे थंडीही मदतीला येते. उभयचरांचं शरीर भोवतालाइतकंच गार होतं, चयापचय मंदावतो आणि ऑक्सिजनची मागणी उतरते. शिवाय गार पाण्यात वायू जास्त विरघळतो. म्हणून उंचीवरच्या बेडकांची अडचण नुसत्या मीटरच्या आकड्यांवरून समजत नाही. सखल भागातल्या उबदार, साचलेल्या डबक्यातही बेडकाच्या पिल्लांना गुदमरायची वेळ येते आणि ती पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतात.

पेरूच्याच विल्कानोटा पर्वतरांगेत हिमनद्या मागे हटल्या आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर नवी तळी झाली. बेडूक तिथवर चढले. ५,४०० मीटरवर, म्हणजे हवेचा दाब जवळपास निम्मा असलेल्या जागी त्यांची नोंद २००७ साली प्रसिद्ध झाली. त्याच नोंदीत आणखी एक गोष्ट होती: उभयचरांच्या कातडीवर हल्ला करणारी कायट्रिड बुरशी. ज्या कातडीच्या जोरावर बेडूक इतक्या उंच पोचले, तिच्यावरच बसून तीही वर आली होती.