पॅकेज डिपेंडन्सी तपासणी (लिनक्स आणि बीएसडी)

लिनक्स किंवा बीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर एखादं सॉफ्टवेअर टाकायच्या आधी त्याला अजून कुठली पॅकेजेस (इन्स्टॉल करायला बांधून दिलेलं सॉफ्टवेअर) लागतात, ती मशीनवर आहेत का आणि असली तरी त्यांचं व्हर्जन चालेल का, हे बघून घेणं म्हणजे डिपेंडन्सी तपासणी. डेबियनमध्ये (लिनक्सचा एक प्रकार) नुसतं डीपीकेजी, म्हणजे पॅकेज बसवणारं मूळ साधन, वापरलं तर ते काय कमी आहे तेवढं सांगतं आणि पॅकेज अर्धवट, कॉन्फिगर न करता सोडून देतं. लागणारी पॅकेजेस स्वतः शोधून आणणारं एपीटी डेबियन २.१ मध्ये, म्हणजे १९९९ साली आलं.

देवगड, राजापूरकडे ऐन पावसात लाईट जाते, रेंज जाते, आणि शाळेच्या लॅबमधलं इन्स्टॉलेशन मध्येच लटकतं, म्हणून इकडे तरी ही तपासणी आधीच करावी. एपीटी-गेट या एपीटीच्या कमांडला मायनस एस लावला की खरं काहीच बदलत नाही, फक्त काय येणार आणि काय जाणार ते दिसतं. त्यातल्या काढून टाकण्याच्या ओळी सगळ्यात आधी वाचा, कारण एका पॅकेजपायी अख्खा डेस्कटॉप उडू शकतो. मायनस मायनस नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स दिलं की शिफारस म्हणून येणारी जादा पॅकेजेस टळतात आणि डेटा बराच वाचतो. मशीनला नेटच नसेल तर त्याच मशीनवर एपीटी-गेट मायनस मायनस प्रिंट-यूआरआयज् लावून चालवायचं (पॅकेजांच्या याद्या आधी उतरवलेल्या हव्यात), लिंका मिळतात, त्या घेऊन कुडाळ-कणकवलीला जिथे नेट बरं असेल तिथे फाइल्स उतरवायच्या आणि पेन ड्राइव्हवर आणायच्या. दुसऱ्याच कॉम्प्युटरवर यादी काढली तर ती जुळेलच असं नाही, कारण आधीपासून काय बसवलंय त्यावर ती ठरते.

व्हर्जनचा घोळ जास्त छळतो. पॅकेजने लिबसी६ (बहुतेक प्रोग्रॅमना लागणारी मूळ सी लायब्ररी) किमान २.३४ मागितलं आणि मशीनवर डेबियन ११ असेल, ज्यात २.३१ आहे, तर ते बसणारच नाही, तिथे जबरदस्ती करू नये. डेबियन १२ मध्ये २.३६ आहे, तिथे चालतं.

लाईट जाऊन काम अर्धवट राहिलं असेल तर आधी डीपीकेजी मायनस मायनस कॉन्फिगर मायनस ए, मग एपीटी-गेट चेक, आणि तरी तुटलेलं दिसलं तर एपीटी-गेटचं फिक्स-ब्रोकन. कोण कोणावर अवलंबून आहे ते एपीटी-कॅशच्या डिपेंड्स आणि आरडिपेंड्सने कळतं, फ्रीबीएसडीवर पीकेजी इन्फोला मायनस डी नि मायनस आर लावून, आणि काही कमी आहे का ते पीकेजी चेक मायनस डीने.

पॅकेज न करता नुसती बायनरी (थेट चालणारी फाइल) मिळाली असेल तर एलडीडी हे साधन तिला लागणाऱ्या लायब्रऱ्या दाखवतं, नसलेल्या लायब्ररीपुढे ‘नॉट फाउंड’ येतं. पण अनोळखी फाइलवर एलडीडी चालवू नका, कधीकधी त्यातला कोड खरोखर चालून जातो. तिथे फाइल न चालवता तिची माहिती दाखवणारं ऑब्जडंप मायनस पी वापरून ‘नीडेड’च्या ओळी बघाव्यात.