पार्श्वभूमी : विमानावरची तोफ ३० मिलिमीटरवर का स्थिरावली

पुण्याच्या पश्चिमेला पाषाण येथे शस्त्रास्त्र संशोधन व विकास आस्थापना, म्हणजे पुणेकरांच्या परिचयाची 'एआरडीई', १९५८ पासून काम करते. भारतीय लष्करासाठी ओढून नेण्याची १५५ मिलिमीटरची नवी तोफ, 'अटॅग्ज', खासगी उद्योगांना सोबत घेऊन तिथेच आकाराला आली. शहराच्या दुसऱ्या टोकाला लोहगावच्या हवाई तळावरून सुखोई-३० एमकेआय विमाने उडतात. त्यांच्या उजव्या पंखाच्या मुळाशी बसवलेल्या तोफेच्या नळीचा व्यास मात्र अवघा ३० मिलिमीटर आहे. जमिनीवरची तोफ इतकी मोठी आणि कोट्यवधी रुपयांच्या विमानावरची इतकी लहान का, हा प्रश्न या शहरातल्या संरक्षणविषयक व्याख्यानांनंतर विद्यार्थी हमखास विचारतात, आणि तो विचारण्यासारखाच आहे. 'अटॅग्ज'चे वजन सुमारे १८ टन असून ते इंधन आणि शस्त्रे न भरलेल्या सुखोईच्या वजनाइतकेच भरते, हे लगेच मिळणारे उत्तर बरोबर असले तरी पुरेसे नाही. गेल्या शंभराहून अधिक वर्षांत ३७, ४०, ५७, ७५, अगदी १०२ आणि १०५ मिलिमीटरच्या तोफाही विमानांवर बसल्या आणि त्यांतल्या बहुतेक उडाल्या, चालल्या, लक्ष्य भेदून गेल्या. तरीही एक अपवाद सोडता त्या टिकल्या नाहीत. त्यामागची कारणे समजून घ्यायची तर हा इतिहास क्रमाने पाहावा लागतो.

तोफेच्या नळीचा व्यास दुप्पट केला की गोळ्याचे वजन साधारण आठपट होते, कारण गोळा लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही दिशांनी वाढतो. सुखोईच्या तोफेचा गोळा चारशे ग्रॅमच्या आतला, तर १५५ मिलिमीटरचा चाळीस किलोच्या वरचा. गोळा जितक्या जोराने पुढे जातो तितकाच जोर तोफेला मागे ढकलतो. जमिनीवरची तोफ हा धक्का आपल्या पायांमधून मातीत सोडते. विमानाला तशी माती नाही, त्यामुळे सगळा धक्का सांगाड्याच्या पट्ट्या, रिव्हेट आणि पंखांचे जोड यांनाच सोसावा लागतो. मोठी तोफ झाडली की विमान हवेत क्षणभर थांबते अशी एक समजूत सर्वत्र ऐकू येते, पण ती खरी नाही. सुमारे १५ टनांच्या विमानातून सात किलोचा गोळा सेकंदाला सहाशे मीटर वेगाने सुटला, तर विमानाचा वेग ताशी एक-दीड किलोमीटरने कमी होतो, यापलीकडे काही नाही. खरी अडचण ही की तो सगळा धक्का सेकंदाच्या अगदी लहान अंशात सांगाड्यावर येतो, नळी विमानाच्या मध्यरेषेवर नसेल तर नाक वळवतो, आणि त्यामुळे पुढच्या गोळ्याचा नेम बिघडतो.

पहिल्या महायुद्धातच हे प्रश्न समोर आले होते. फ्रेंचांनी १९१५ मध्ये व्हॉइसिन विमानांवर ३७ मिलिमीटरची हॉचकिस तोफ बसवली. त्यानंतर १९१७ मध्ये जॉर्ज गिनमेर या नामवंत वैमानिकाच्या आग्रहावरून स्पाड-१२ हे लढाऊ विमान तयार झाले, आणि त्यात ३७ मिलिमीटरची तोफ इंजिनाच्या दोन रांगांच्या मधोमध ठेवून तिची नळी प्रोपेलरच्या पोकळ दांड्यातून बाहेर काढली होती. रचना म्हणून ही कल्पना सुंदर होती, कारण धक्का थेट मध्यरेषेवर येई आणि नाक वळण्याचा प्रश्नच उरत नसे. पण तोफेचा मागचा भाग वैमानिकाच्या गुडघ्यांमध्ये आल्याने विमान हाकण्याची दांडी दोन बाजूंना विभागावी लागली, प्रत्येक गोळ्यानंतर कॉकपिट धुराने भरे आणि पुढचा गोळा हाताने भरावा लागे. विमान एका हाताने सांभाळून दुसऱ्या हाताने तोफ भरत शत्रूचा पाठलाग करणे फार थोड्यांना जमले. फ्रेंच वैमानिक रने फोंक त्या थोड्यांपैकी एक होता. त्याच काळात अमेरिकी नौदलातले क्लीलंड डेव्हिस यांनी धक्का मुळातच येऊ नये अशी तोफ काढली होती. तिच्यातून गोळा पुढे जाई आणि तेवढ्याच वजनाचे शिशाचे छर्रे व ग्रीस मागे फेकले जाई, त्यामुळे तोफ जागची हलत नसे. मात्र मागे फेकलेला ऐवज आपल्याच पंखावर किंवा शेपटीवर आदळू नये यासाठी ती विशिष्ट कोनातच वापरावी लागे.

दोन युद्धांच्या मधल्या काळात २० मिलिमीटरची स्वयंचलित तोफ परिपक्व झाली. याच काळातले अमेरिकेचे बेल पी-३९ एराकोब्रा विमान मात्र थांबून पाहण्यासारखे आहे, कारण त्याची मांडणीच तोफेला जागा मिळावी म्हणून उलटी केली होती. इंजिन वैमानिकाच्या पाठीमागे, तिथून निघालेला लांब दांडा त्याच्या आसनाखालून प्रोपेलरपर्यंत, आणि मोकळ्या झालेल्या नाकात ३७ मिलिमीटरची तोफ. तिच्यात फक्त ३० गोळे मावत आणि ते सावकाश व कमी वेगाने सुटत. सोव्हिएत वैमानिकांनी या विमानातून मोठे यश मिळवले, पण ते प्रामुख्याने हवाई लढाईत. हे विमान रणगाडे फोडण्यासाठी वापरले गेले, असे अनेक लोकप्रिय लेखांत सापडते. तोफेच्या आकारावरून काढलेला हा निष्कर्ष वस्तुस्थितीला धरून नाही.

दुसऱ्या महायुद्धात मोठ्या तोफेची गरज दोन दिशांनी निर्माण झाली. रणगाड्यांचे कवच दर वर्षी जाड होत होते, आणि आकाशात चार इंजिनांची बॉम्बफेकी विमाने थव्यांनी येऊ लागली होती. असे एक बी-१७ विमान पाडायला २० मिलिमीटरचे सुमारे वीस गोळे लागतात, पण ३० मिलिमीटरचे चार-पाच पुरतात, असा हिशोब जर्मन हवाई दलाने मांडला होता. या हिशोबातूनच एमके-१०८ ही आखूड नळीची ३० मिलिमीटरची तोफ पुढे आली आणि मेसरश्मिट-२६२ या जेट विमानाच्या नाकात तशा चार बसल्या. त्याहून मोठ्या तोफांनी शत्रूच्या बंदुकांच्या पल्ल्याबाहेरूनच मारा करता येईल या आशेने मेसरश्मिट-४१० वर ५० मिलिमीटरची तोफ बसवली गेली, तर जपानने बी-२९ विमानांविरुद्ध कि-१०९ वर ७५ मिलिमीटरची विमानविरोधी तोफ चढवून पाहिली. दोन्ही प्रयत्नांतून हाती फारसे लागले नाही, कारण हलते लक्ष्य पकडायला गोळ्यांची सर लागते आणि या तोफा एकेक गोळा टाकत होत्या.

जमिनीवरच्या लक्ष्यांविरुद्ध चित्र वेगळे होते. ब्रिटिशांच्या हरिकेन-२डी विमानाच्या पंखांखाली ४० मिलिमीटरच्या दोन व्हिकर्स तोफा असत आणि प्रत्येकीला १५ गोळे. १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात त्यांनी रणगाडे फोडले. आपल्या दृष्टीने अधिक जवळचा भाग ब्रह्मदेशातला आहे. रॉयल एअर फोर्सच्या २० क्रमांकाच्या स्क्वाड्रनने हीच विमाने आराकानच्या खाड्यांतल्या होड्यांवर आणि जपानी ठाण्यांवर वापरली आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये इरावतीच्या काठावर दडवलेल्या जपानी रणगाड्यांचा नाश केला. त्याच नदीच्या पैलतीरावर पाय रोवून लढणाऱ्या विसाव्या भारतीय डिव्हिजनला या माऱ्याचा थेट फायदा झाला. पण तोफा पंखाखाली, म्हणजे विमानाच्या मध्यापेक्षा खाली असल्याने प्रत्येक वेळी झाडल्यावर नाक खाली झुके, आणि वैमानिकाला नेम पुन्हा धरावा लागे. शिवाय तोफांच्या ओझ्याने मंदावलेले हे विमान शत्रूच्या लढाऊ विमानांसमोर अगदीच असहाय होते. जर्मनांच्या ३७ मिलिमीटरच्या दोन तोफा लावलेल्या स्टुका विमानाचीही हीच गत होती.

याहून मोठ्या आकारात दोन विमानांचा अनुभव विशेष बोलका आहे. ब्रिटनच्या मॉस्किटो विमानात ५७ मिलिमीटरची रणगाडाविरोधी तोफ बसवण्यात आली आणि तिला आपोआप गोळे पुरवणारी यंत्रणा मोलिन्स या सिगारेट बनवण्याच्या यंत्रांच्या कंपनीने तयार केली. एकामागून एक एकसारख्या नळकांड्या अचूक सरकवण्याचे काम त्या कारखान्याला आधीच येत होते, त्यामुळे ही निवड वाटते तितकी विचित्र नव्हती. या विमानाने २५ मार्च १९४४ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ यू-९७६ ही जर्मन पाणबुडी बुडवली. मॉस्किटोचा सांगाडा लाकडी होता आणि तरीही तो धक्का त्याने सोसला, ही त्या रचनाकारांची मोठी कामगिरी मानायला हवी. तरी अशी विमाने वीससुद्धा बनली नाहीत, कारण त्याच सुमारास पंखाखाली लावायची रॉकेटे आली.

अमेरिकेने बी-२५ मिचेल विमानाच्या 'जी' आणि 'एच' या आवृत्त्यांत ७५ मिलिमीटरची तोफ बसवली. एकट्या 'एच' आवृत्तीची एक हजार विमाने तयार झाली, म्हणजे हा केवळ प्रयोग नव्हता. तोफ २१ गोळ्यांसह नाकाच्या खालच्या भागात असे आणि चालकदलातला एक जण हाताने ती भरे. पॅसिफिकमधल्या जपानी मालवाहू जहाजांवर झेप घेताना एका खेपेत साधारण चारच गोळे झाडता येत, आणि ते झाडेपर्यंत विमानाला एका सरळ रेषेत, जहाजावरच्या बंदुकांच्या तोंडासमोर, उडत राहावे लागे. जहाजाच्या डेकवरच्या तोफा शांत करायला अर्ध्या इंची मशीनगनचा वर्षावच जास्त कामी येतो, हे तिथल्या स्क्वाड्रनना लवकर कळले. अनेक विमानांवरून ७५ मिलिमीटरची तोफ काढून तिथे मशीनगन बसवल्या गेल्या आणि पुढच्या 'जे' आवृत्तीत तोफ ठेवलीच नाही. माझ्या मते या संपूर्ण इतिहासातला निर्णायक पुरावा हाच आहे. तोफ बिघडली नव्हती, सांगाडाही तुटला नव्हता. मिळालेल्या काही सेकंदांत ती पुरेसे काम करत नव्हती, एवढेच तिच्या माघारीचे कारण होते. जर्मनीने हेन्शेल-१२९ वर ७५ मिलिमीटरची तोफ चढवली, पण तशी पंचवीसेक विमानेच निघाली; इटलीने पियाजिओ पी-१०८ वर १०२ मिलिमीटरची तोफ बसवली, ती एका नमुन्यापुढे गेली नाही.

रॉकेटचा धक्का विमानाला बसत नाही, कारण त्याचा वायू मागे मोकळा सुटतो. त्याला जड नळी किंवा पोलादी पाळणाही लागत नाही, आणि आठ रॉकेटे एकदम सोडता येतात. नेम तोफेइतका अचूक नसला तरी हा सौदा बहुतेक हवाई दलांना पटला. हवाई लढाईत मात्र तोफ राहिली आणि तिचा आकार जर्मनीच्या त्या हिशोबाभोवती स्थिरावला. कोरिया युद्धातल्या सोव्हिएत बनावटीच्या मिग-१५ वर २३ मिलिमीटरच्या दोन तोफांसोबत ३७ मिलिमीटरची एक होती. ती बॉम्बफेकी विमानांसाठी ठीक होती, पण चपळ अमेरिकी सेबर विमानांसाठी मंद ठरली. दरम्यान दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनीत माउझर कंपनीने विकसित केलेल्या, रिव्हॉल्व्हरसारख्या फिरत्या कोठडीच्या तोफेवरून ब्रिटनने 'एडन' आणि फ्रान्सने 'डेफा' या ३० मिलिमीटरच्या तोफा तयार केल्या.

'एडन' तोफ भारतीय हवाई दलाच्या हंटर आणि नॅट या दोन्ही विमानांवर होती. लोंगेवाला येथे ५ डिसेंबर १९७१ रोजी जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांनी पाकिस्तानी टी-५९ रणगाड्यांवर रॉकेटे आणि याच चार-चार तोफांनी मारा केला. रणगाड्याचे पुढचे कवच ३० मिलिमीटरच्या गोळ्याला दाद देत नाही, पण वरचे आणि इंजिनावरचे पातळ असते, आणि वरून येणाऱ्या वैमानिकाला नेमके तेच दिसते. १९४२ मध्ये ज्या कामासाठी ४० मिलिमीटरची जड तोफ वाहावी लागली, ते काम वेगाने गोळे फेकणारी ३० मिलिमीटरची तोफ करू शकते, हे तिथल्या वाळूत दिसले.

पुढची दिशा गोळा मोठा करण्याची नव्हती, गोळ्यांचा वेग आणि संख्या वाढवण्याची होती. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बांधलेल्या आणि २७ डिसेंबर २०१९ रोजी जोधपूरला निवृत्त झालेल्या मिग-२७ मध्ये सहा नळ्यांची ३० मिलिमीटरची तोफ होती. मिनिटाला पाच हजारांच्या आसपास गोळे फेकण्याच्या वेगामुळे तिचा धक्का आणि कंप इतका होई, की या जातीच्या विमानांवर दिवे फुटण्याचे आणि उपकरणे निखळण्याचे प्रकार नोंदले गेले. अमेरिकेच्या ए-१० मध्ये सात नळ्यांची ३० मिलिमीटरची तोफ आहे आणि तिचा सरासरी धक्का सुमारे ४५ किलोन्यूटन, म्हणजे त्या विमानाच्या एका इंजिनाच्या जोरापेक्षा जास्त आहे. त्यामुळे झाडणारी नळी नेमकी मध्यरेषेवर यावी म्हणून तोफ थोडी एका बाजूला सरकवून बसवली आणि पुढचे चाक दुसऱ्या बाजूला न्यावे लागले. तोफ आधी ठरली आणि विमान तिच्याभोवती बांधले गेले.

मोठ्या व्यासाची तोफ टिकली ती एकाच ठिकाणी. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने मालवाहू विमानांच्या डाव्या कुशीत तोफा बसवून लक्ष्याभोवती घिरट्या घालत मारा करण्याची पद्धत काढली, आणि १९७२ मध्ये एसी-१३० वर १०५ मिलिमीटरची हॉवित्झर चढवली. विमान मोठे, वेग कमी, तोफ भरायला माणसे आणि जागा भरपूर, आणि लक्ष्य सतत एकाच कुशीला, त्यामुळे बी-२५ ला भोवलेली वेळेची टंचाई इथे नव्हती. मात्र ही घिरट्यांची पद्धत शत्रूकडे विमानविरोधी क्षेपणास्त्रे नसतील किंवा रात्रीचा अंधार असेल तोवरच चालते. आखाती युद्धात ३१ जानेवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या खाफजीच्या लढाईत उजाडल्यावरही थांबलेले एक एसी-१३० क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि त्यातले सर्व १४ जण मृत्युमुखी पडले. भारताच्या दोन्ही सीमांपलीकडे अशी क्षेपणास्त्रे दाट आहेत, आणि आपल्या हवाई दलाच्या सी-१३० विमानांवर अशा तोफा नाहीत. सुखोईच्या तोफेला १५० गोळे दिलेले आहेत, आणि ते सलग झाडले तर पाच-सहा सेकंदांत संपतात.